यकृताचा कर्करोग आणि नॉन-कोडिंग आरएनए: २०१६ मध्ये नेमकं काय थांबलं?

मायक्रोआरएनए म्हणजे स्वतः प्रथिन न घडवता (म्हणून ‘नॉन-कोडिंग’) जनुकांचं काम आवरणारे छोटे आरएनए रेणू. यकृतातल्या मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के एकटा मायआर-१२२ असतो. हेपॅटायटिस सीचा विषाणू वाढायला त्याचाच आधार घेतो, हे २००५ मध्ये कळलं. मग त्याला अडवणारं औषध तयार झालं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या रक्तातला विषाणू घटलाही. मात्र हा रेणू मुळातच नसलेल्या उंदरांना यकृताचा कर्करोग होतो, हे २०१२ मध्येच दिसलं होतं. विषाणूसाठी अडवायचा तो रेणू कर्करोगाच्या भीतीने जपायचाही! थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या आणि हा पेच न सुटताच मागे पडला.

कर्करोगातली खरी परीक्षा मायआर-३४एची झाली. गाठी रोखणाऱ्या पी-५३ जनुकाशी त्याचं नातं २००७ मध्ये उघड झालं होतं. गाठींमध्ये हरवलेला मायक्रोआरएनए माणसाला बाहेरून परत देण्याची पहिली चाचणी म्हणजे एमआरएक्स-३४ या मायआर-३४एवर बेतलेल्या औषधाची. ती २०१३ मध्ये यकृतातल्या गाठी असलेल्या रुग्णांपासून सुरू झाली. मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेला रेणू शिरेतून दिला जाई. सोबत डेक्सामेथासोन हे प्रतिक्रिया दाबणारं स्टेरॉइड देऊनही रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रिया झाल्या, चार रुग्ण दगावले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये चाचणी थांबली. एकूण ८५ रुग्णांपैकी तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या होत्या.

थांबवणं योग्यच होतं, त्यावर दुमत नसावं. वाद आहे तो निष्कर्षाचा. ‘मायआर-३४ए फसला’ असं आजही सर्रास लिहिलं जातं, आणि ते मला पटत नाही. प्रतिक्रिया त्या रेणूमुळे आली, पिशवीमुळे, की बाहेरून आलेला दुपदरी आरएनए शरीराला विषाणूसारखा भासल्यामुळे, याचा निवाडा त्या चाचणीने केलाच नाही. पुढे २०१८ मध्ये मेदाच्या सूक्ष्म कणांतून आणि २०१९ मध्ये शर्करेचा रेणू जोडून यकृतापर्यंत आरएनए पोचवणारी औषधं मंजूर झाली. ती दुर्मीळ आनुवंशिक आजारांसाठी आहेत, पण पोचवण्याची वाट बंद नव्हती एवढं त्यांनी दाखवलं.

निदानाची वाटचाल शांतपणे झाली. यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या एएफपी या प्रथिनाची तपासणी १९६०च्या दशकातल्या शोधातून आली. लहान गाठ तिला अनेकदा सापडत नाही. चीनमध्ये २०११ साली हेपॅटायटिस बीशी निगडित कर्करोगासाठी ९३४ जणांच्या रक्तद्रवावर सात मायक्रोआरएनएंचा संच तपासला गेला. त्यात मायआर-१२२ही होता. पुढे त्यावर आधारलेल्या चाचणी-किटला तिथे मंजुरीही मिळाली.