रिकाम्या मॅगझिनमध्ये काय उरतं?

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावांत पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात, आणि रात्री त्याच पोरांच्या हातात बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ असतो. बंदुकांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. एकेएम रायफलच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या डबीत, ३० गोळ्या, एक्सटेंडेड म्हणजे लांब मॅगझिन लावलं की ४०, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. फौजेत असलेला माझा पुतण्या सुटीवर आला होता. त्यानं त्यांचा खेळ थोडा वेळ पाहिला आणि मला म्हणाला, "काका, ह्याईनं जुनं मॅगझिन टाकलं कुठं? अन् नवं आणलं कुठून?"

हा प्रश्न विज्ञानाचा आहे, म्हणून हा लेख.

आपल्या भागाला दारूगोळा नवा नाही. पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूरकडे भद्रावती, नागपुरात अंबाझरी असे आयुध कारखाने आहेत. कित्येक घरांची चूल त्यांच्यावर पेटते. पण काडतूस आणि बंदूक यांच्यामध्ये जी छोटी डबी असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बातम्यांत रायफल दिसते, खेळात गोळ्यांचा आकडा दिसतो. मॅगझिन कुणालाच दिसत नाही, आणि माझ्या मते रायफलमधली सगळ्यात देखणी यंत्ररचना तिथेच आहे.

आधी खेळाचं पाहू. बीजीएमआयमध्ये गोळ्या पिशवीत सुट्या असतात. समजा ३० पैकी १२ उडवल्या आणि रीलोड केलं, म्हणजे बंदूक पुन्हा भरली, तर उरलेल्या १८ कुठेही अडकत नाहीत. पिशवीतून १२ वजा होतात आणि आकडा पुन्हा ३० होतो. पडद्यावरचा माणूस मॅगझिन काढताना आणि लावताना दिसतो खरा, पण हिशेब फक्त गोळ्यांचा चालतो. सगळा सामना संपेपर्यंत मॅगझिन एकच, आणि गोळ्या पाण्यासारख्या त्यात ओतल्या जातात. वेगवान खेळासाठी हे सोयीचं आहे, त्यात मला काही गैर वाटत नाही. काही खेळ मात्र हिशेब खरा ठेवतात. आर्मा ३ मध्ये प्रत्येक मॅगझिन वेगळं मोजलं जातं. अर्धं वापरलेलं काढलं की ते अर्धंच राहतं आणि नंतर नेमकं तेच हातात येऊ शकतं. एस्केप फ्रॉम तार्कोवमध्ये एकेक काडतूस मॅगझिनमध्ये भरावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. इन्सर्जन्सी: सँडस्टॉर्ममध्ये साधं रीलोड केलं तर जुनं मॅगझिन खेळाडू जवळ ठेवतो. घाईचं रीलोड केलं तर ते खाली पडतं आणि त्यातल्या गोळ्याही गेल्या.

खरा सैनिकही हेच दोन प्रकार शिकतो. समोरून गोळ्या येत असतील आणि आपली बंदूक रिकामी झाली असेल, तर जुनं मॅगझिन जिथे पडेल तिथे पडू द्यायचं आणि नवं लावायचं. तेव्हा जीव आधी. पण आडोसा असेल, क्षणभर उसंत असेल, तर काढलेलं मॅगझिन परत घ्यायचं. त्यासाठी कमरेला तोंड उघडं असलेली एक ढिली थैली असते. काही नसलं तर शर्टाच्या आत. भरलेल्या मॅगझिनच्या खिशात रिकामं कधी ठेवायचं नाही, कारण अंधारात बोटांनी चाचपून जे हाती येईल ते भरलेलंच असलं पाहिजे. खिशातली मॅगझिनं सगळी एकाच दिशेला तोंड करून ठेवतात, म्हणजे हात गेला की न पाहता सरळ बंदुकीत बसतं.

रिकामी डबी जपायची ती कशासाठी? पुतण्यानं दिलेलं पहिलं उत्तर साधं होतं: "ते उचलाले कोण जाईन, अन् हिशेब कोण देईन?" मॅगझिन मोजदादीत असतं, गोळीसारखं खर्ची पडत नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे. मागून रसद येते ती काडतुसांची. ती खोक्यात येतात, नाहीतर दहा-दहाच्या पट्टीवर लावलेली. भरलेली मॅगझिनं सहसा येत नाहीत. सगळी मॅगझिनं रानात टाकून आलेल्या जवानापुढे हजार काडतुसं ओतली तरी त्याची रायफल एकेक गोळीची होऊन बसते. अमेरिकेच्या एम-१६ रायफलचं सुरुवातीचं मॅगझिन पातळ अॅल्युमिनियमचं केलं होतं, ते वापरून फेकून द्यायचं या कल्पनेनं. प्रत्यक्षात सैनिक तीच मॅगझिनं पुन्हा पुन्हा भरत राहिले, आणि पातळ पत्र्याच्या तक्रारी वाढल्या.

आता त्या डबीच्या आत जाऊ. मॅगझिनमध्ये मुख्य भाग चार असतात: बाहेरचं कवच, तळाची झाकणपट्टी, एक लांब स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसं पेलणारा तुकडा, त्याला फॉलोअर म्हणतात. वरच्या बाजूला कवचाच्या कडा आत वळलेल्या असतात, ते मॅगझिनचे ओठ. स्प्रिंग वर ढकलते, ओठ अडवून धरतात, आणि या ओढाताणीत सगळ्यात वरचं काडतूस नेमक्या उंचीवर, नेमक्या कोनात उभं राहतं. बोल्ट, म्हणजे बंदुकीत मागेपुढे सरकणारा पोलादी तुकडा, मागून येतो आणि त्याला पुढे चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडातल्या जागेत, ढकलतो.

गोळी सुटल्यावर तिच्याच वायूच्या दाबानं बोल्ट मागे जातो. तो काडतुसांच्या डोक्यावरून सरकत असतो तोवर खालची रांग दाबलेली असते. बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाच्या मागे गेलं की रांग मोकळी होते आणि तिला एका काडतुसाच्या जागेइतकं वर यायचं असतं. एकेएमचा यांत्रिक वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या. म्हणजे एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत ०.१ सेकंद, आणि त्यातला थोडाच भाग बोल्ट मागे असतो. तेवढ्यात रांग वर आली नाही तर बोल्ट रिकामाच पुढे जातो, किंवा काडतुसाच्या मध्यावर आपटून अडकतो.

हे काम किती कठीण आहे ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ७.६२ × ३९ मिमीचं एक काडतूस साधारण १६ ग्रॅमचं. तीस काडतुसं जवळपास अर्धा किलो. ती दोन ओळींत एकाआड एक बसतात, त्यामुळे दर वेळी रांगेला पूर्ण काडतुसाच्या जाडीइतकं चढावं लागत नाही, सुमारे ६ मिलिमीटर पुरतात. हिशेबासाठी धरून चालू की भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंगचा जोर ३० न्यूटन आहे. रांगेचं वजन वजा केलं तर उरतात २५. त्याला ०.४९ किलोनं भागलं की त्वरण येतं ५१ मीटर प्रति सेकंद वर्ग. सहा मिलिमीटर चढायला लागतात सुमारे १५ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या हजार भागांतले पंधरा. यात घर्षण धरलेलं नाही.

आता शेवटची तीन काडतुसं उरली आहेत असं धरा. रॉबर्ट हूकनं १६७८ साली मांडलेला नियम शाळेत शिकलोच आहोत: स्प्रिंग जितकी दाबाल तितका तिचा जोर. मॅगझिन रिकामं होत जाईल तशी स्प्रिंग मोकळी होते आणि जोर घटतो. समजा तो १० न्यूटनवर आला. पण उचलायचं वजनही घटलं आहे. तीन काडतुसं, फॉलोअर आणि स्प्रिंगचा हलणारा भाग मिळून ८० ग्रॅम धरू. त्वरण ११५, वेळ सुमारे १० मिलिसेकंद. जोर एक तृतीयांश झाला तरी काम आधीपेक्षा लवकर झालं! जसं ओझं उतरतं तसा जोर उतरतो. ना मोटर, ना सेन्सर. हे गणित मी दहावीच्या मुलांना फळ्यावर सोडवून दाखवतो, तेव्हा बीजीएमआयवाली पोरंसुद्धा मान वर करतात.

म्हणजे स्प्रिंगची खरी परीक्षा पहिल्या काही गोळ्यांना असते. बऱ्याच सैन्यांत ३० च्या मॅगझिनमध्ये २८ च भरायची सवय आहे, तिचं एक मूळ इथे आहे. दुसरं असं की बोल्ट पुढे बंद असताना मॅगझिन लावलं तर वरचं काडतूस किंचित खाली दबावं लागतं. गच्च भरलेल्या मॅगझिनमध्ये दबायला जागाच नसते, मग ते नीट अडकत नाही आणि ऐन वेळी गळून पडतं. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक २० च्या मॅगझिनमध्ये १८-१९ भरत, तेही असंच.

आणखी एक गोष्ट. शेवटच्या गोळीनंतरही जोर शून्य होऊन चालत नाही, नाहीतर शेवटची गोळी वर येणारच नाही. म्हणून रिकाम्या मॅगझिनमध्येही स्प्रिंग दाबलेलीच असते. वरच्या आकड्यांनुसार रांगेची पूर्ण चाल १८ सेंटिमीटर, तेवढ्यात जोर २० न्यूटननं बदलतो. मग १० न्यूटन शिल्लक ठेवायला स्प्रिंग रिकाम्या कवचापेक्षा ९ सेंटिमीटर लांब हवी. मॅगझिन साफ करायला तळाची पट्टी सरकवताना अंगठा दाबून धरावा लागतो, नाहीतर स्प्रिंग उसळून अंगावर येते. उसळणारी ती लांबी हीच.

ही ऊर्जा येते कुठून? बंदुकीचं बाकी सगळं काम दारूच्या वायूवर चालतं. काडतूस वर उचलण्याचं काम मात्र सैनिकाच्या अंगठ्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. सरासरी २० न्यूटन गुणिले ०.१८ मीटर, म्हणजे ३.६ ज्यूल. या काडतुसाच्या एका गोळीत नळीतून सुटताना सुमारे २००० ज्यूल असतात. त्या तुलनेत ३.६ किती क्षुल्लक! पण ते नसतील तर पुढचे दोन हजार नळीपर्यंत पोचतच नाहीत. शेवटची पाच-सहा काडतुसं दाबताना अंगठ्याचं नख पांढरं पडतं, हे पुतण्यानं हात पुढे करून दाखवलं.

एकेएमचं मॅगझिन वाकडं का, हेही पोरं नेहमी विचारतात. ते काडतूस निमुळतं आहे. बुडाशी ११ मिलिमीटरांहून थोडं जास्त, खांद्याशी सुमारे १०. बाजारातली गाजरं डोकी एका बाजूला करून रचली की रास एका अंगाला वळते, तशी ही रांग वळते, आणि कवच त्या वळणावर बेतलेलं असतं. निमुळतेपणामुळे उडालेलं काडतूस चेंबरमधून सहज सुटतं, आणि त्याची किंमत मॅगझिनच्या वाकडेपणात मोजावी लागते.

टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्यांत हमखास एक पाटी झळकते, "मिनिटाला ६०० गोळ्या!" हे लोकांची दिशाभूल करणं आहे, आणि ते थांबायला हवं. ३० गोळ्या त्या वेगानं ३ सेकंदांत संपतात. मग मॅगझिन काढा. एकेएमचं मॅगझिन बटण दाबून खाली पडत नाही, कळ दाबून पुढे झुलवत हातानं काढावं लागतं. नवं पुढून अडकवून मागे ओढा आणि बोल्ट हातानं खेचा, कारण शेवटच्या गोळीनंतर तो उघडा थांबत नाही. बंदूक रिकामी झाल्याचं सैनिकाला कळतं ते नुसत्या "टक्" आवाजानं. म्हणून काही जण मॅगझिनच्या तळाशी दोन-तीन चमकणाऱ्या ट्रेसर गोळ्या भरतात, उजेडाची रेघ दिसली की समजायचं, संपत आलं. हे सगळं धरून एकेएमचा प्रत्यक्षातला वेग एकेक गोळी झाडताना मिनिटाला ४० च्या आसपास आणि स्वयंचलित ठेवली तरी १०० च्या आसपास सांगितला जातो. सहाशे हा आकडा बोल्टचा आहे, सैनिकाचा नाही.

"मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग बसते", म्हणजे ढिली पडते, हा समज तर बंदूक कधी न पाहिलेल्यांतही आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या लवचीकतेच्या मर्यादेत दाबून ठेवली, तर साध्या तापमानाला तिचा जोर फार थोडा कमी होतो, तोही बहुतेक सुरुवातीलाच. म्हणून कारखान्यातच अशा स्प्रिंगा एकदा पूर्ण दाबून घेतात, काय बसायची ती तिथेच बसते. तिला झिजवतं ते पुन्हा पुन्हा भरणं-रिकामं करणं, आणि गंज.

त्याहून लवकर बिघडतात ते ओठ. भरलेलं मॅगझिन तोंडावर दगडावर पडलं आणि एक ओठ मिलिमीटरभर जरी उघडला, तरी काडतुसाचा कोन बदलतो आणि दोन काडतुसं एकदम वर येतात किंवा टोक खाली खुपसतं. दोन मॅगझिनं उलटसुलट टेपनं बांधून लावायची तऱ्हा सिनेमात दिसते. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पोटावर झोपून गोळी चालवायची झाली, तर खालच्या मॅगझिनचं उघडं तोंड सरळ चिखलात जातं. वरच्या हिशेबात घर्षण सोडलं होतं, चिखल ते परत आणतो आणि १५ मिलिसेकंदांचे कितीही होतात. कवचही गृहीत धरता येत नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलची प्लास्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

बंदूक अडकली की दोष कुणाचा हे ओळखायला जवान मॅगझिनवर रंगानं नंबर घालतात. पुन्हा त्याच नंबरावर अडकली तर बंदूक ठीक आहे, ते मॅगझिन बाजूला काढायचं. नंबर न घालता सगळी सरमिसळ केली तर तेच वाकलेल्या ओठांचं मॅगझिन फिरून फिरून हातात येत राहतं.