खर्जाच्या तारेवरचं तांबं

पियानोचं झाकण उघडलं की डाव्या अंगाला तांबूस, जाड तारा दिसतात. बाकीच्या तारा नुसत्या पोलादाच्या असतात. या मात्र पोलादी तारेवर तांब्याची तार वेढून केलेल्या असतात, आणि लहान कार्यशाळांत हे वेढे आजही हातानं घातले जातात. का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

तार दुप्पट लांब केली की स्वर एक सप्तक खाली येतो, हे ग्रीकांनाही ठाऊक होतं. ताण आणि वजन यांचा हिशेब मारँ मर्सेन या फ्रेंच मठवासीयानं १६३६ साली मांडला. पियानोची सर्वांत वरची तार साधारण ५ सेंटिमीटरची असते. सात सप्तकं खाली उतरताना दर वेळी दुप्पट करत गेलं तर ती ६ मीटर ४० सेंटिमीटर होते. एवढं वाद्य ठेवायचं कुठं? तार ढिली ठेवली तर नाद मरतो. जाड घेतली तर ती सळईसारखी ताठर होते आणि तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, बेसूर लागतात. तंबोऱ्याच्या खर्जाला पितळेची तार लावतात, कारण पितळ पोलादापेक्षा जड. पियानोच्या अगदी खालच्या स्वरांना तेवढ्यानं भागत नाही. तिथं तारेचं वजन वाढायला हवं, पण लवचीकपणा जाता कामा नये. वेढे घातले की दोन्ही साधतं.

ही युक्ती पियानोहून जुनी आहे. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात तातेवर, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या तारेवर, धातूची तार वेढली जात होती. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास पियानो घडवला, तेव्हा मात्र त्याला वेढ्यांची गरज पडली नाही. त्याच्या १७२० च्या पियानोचा पल्ला जेमतेम साडेचार सप्तकांचा होता.

पुढं पल्ला सव्वासात सप्तकांपर्यंत गेला आणि ताण वाढत राहिला. १८२५ मध्ये बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकनं अखंड ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. १८५४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स हॉर्सफॉलनं जास्त बळकट पोलादी तार आणली. १८५९ मध्ये स्टाइनवे या पियानो कंपनीनं ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरक्या नेल्या. आज मोठ्या पियानोत सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे २० टन भरतो.

कार्यशाळेतलं काम पाहताना डोळे हलत नाहीत. पोलादी गाभा यंत्रावर दोन्ही टोकांना ताणून गरगर फिरवतात. कारागीर मऊ तांब्याची तार बोटांच्या चिमटीत धरून ती गाभ्यावर सरकवत नेतो. बोटांचा दाब कमीजास्त झाला तर वेढे सैल बसतात आणि तार खरखरते, नाहीतर मुकी वाजते. गाभा गोल असेल तर वेढा घसरू नये म्हणून टोकं आधी चपटी करतात. षट्कोनी गाभ्याच्या कडाच तांब्याला पकडून ठेवतात. सर्वांत खालच्या तारांवर तांब्याचे दोन थर चढतात.

यंत्र सगळीकडे हेच असलं तरी माप ठरलेलं नसतं. प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक आकाराच्या पियानोतल्या खर्जाच्या तारांची लांबी आणि जाडी निराळी. शंभर वर्षांपूर्वीच्या पियानोची तार तुटली की दुकानात तयार मिळत नाही. मग दुरुस्ती करणारा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवर, कागद ठेवून पेन्सिल घासतो, खिळ्यांचे ठसे उमटवतो आणि जुन्या तारांसोबत ते कार्यशाळेला पाठवतो. तिथं गाभ्याची आणि तांब्याची जाडी मोजून एकेक तार पुन्हा वेढतात.