डोअर वॉर्निंग लाईट म्हणजे 'कॉम्प्युटर गेला' असं नसतं

फिरत असलेला मेसेज: सगळी दारं बंद असूनही डॅशबोर्डवर दाराचा लाईट पेटत असेल तर गाडीचा कंट्रोल युनिट (म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर) गेला, तो बदलावाच लागतो.

तसं नाहीये. घाबरायला होतं हे मान्य, पण तो लाईट एका साध्या स्विचवर चालतो, जुन्या गाड्यांत दाराच्या खांबावर रबरी टोपीचं बटण असतं, नव्यांमध्ये बहुतेक वेळा लॉकच्या आतच, आणि धूळ, पावसाचं पाणी, सुकलेलं ग्रीस यामुळे तोच अडकतो. डिकीलाही असतो बरं का, तिकडे कोणी बघतच नाही.

आधी एक दार उघडा, बाकी बंद, मग खांबावरचं बटण बोटाने दाबून धरा. लाईट गेला तर स्विच ठीक आहे, दारच नीट बसत नाहीये. नाही गेला तर स्विच साफ करा, मल्टीमीटर (वीज मोजायचं यंत्र) असेल तर कनेक्टर काढून कंटिन्युइटी, म्हणजे स्विचमधून वीज आरपार जाते का, ते बघा, दाबल्यावर बदलली पाहिजे. बदलत असेल तर स्विचची वायर बघा. लॉकमधला स्विच असेल तर दार उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॅच (दार पकडून ठेवणारी कडी) बंद करा आणि लाईट जातो का बघा, पण दार लावायच्या आधी हँडल ओढून ती सोडवा, नाहीतर लॉक तुटू शकतं. लाईट जात नसेल तर दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळीही हलवून बघा, दार हजारदा उघडून तिथेच वायर तुटते. कंट्रोल युनिटचा विचार हे सगळं बघून झाल्यावर.