पाणी आत नको, घामही आत नको: प्रवासी बुटांची पार्श्वभूमी

पावसाळी प्रवासासाठी बूट घ्यायला दुकानात गेले की विक्रेता बहुधा ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला जोड पुढे करतो, आणि तशाच दिसणाऱ्या साध्या जोडापेक्षा त्याची किंमत बरीच जास्त असते. हे जास्तीचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे आणि आपण जिथे जाणार आहोत तिथे ते कामी येतील का, हे ठरवण्यासाठी या बुटांमागचा इतिहास ठाऊक असलेला बरा. पाणी आत येऊ न देण्याची अडचण माणसाने फार पूर्वी सोडवली. पायाचा घाम बाहेर जाऊ देण्याची अडचण मात्र जेमतेम पन्नास वर्षांपूर्वी सुटू लागली, आणि उष्ण, दमट प्रदेशात ती आजही पुरती सुटलेली नाही.

१९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेजवळ, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा गोठलेला मृतदेह सापडला. ‘ओत्झी’ या नावाने तो आज ओळखला जातो. त्याच्या बुटाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा होता, आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी होती आणि ऊब राहावी म्हणून त्या जाळीत सुके गवत भरलेले होते. असा बूट थंडीला पुरा पडतो, पण पाण्याला अडवत नाही. पाणी खरोखर अडवले ते आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट स्त्रियांनी. सीलच्या कातड्याचे ‘कामिक’ नावाचे बूट शिवताना त्या सुई कातड्याच्या आरपार काढत नाहीत. जाडीच्या मध्यापर्यंत नेऊन तिथूनच वळवतात, म्हणजे बाहेरून आतपर्यंत जाणारे एकही छिद्र पडत नाही. दोरा प्राण्याच्या स्नायूच्या तंतूंचा असतो आणि ओला झाला की फुगून टाक्याची जागा घट्ट भरून टाकतो. शिवण ही कोणत्याही बुटाची सर्वांत कच्ची जागा, आणि यंत्रावाचून तिच्यावर इतका चोख उपाय शोधणाऱ्या या कारागिरांचे नाव पादत्राणांच्या इतिहासात अग्रभागी असायला हवे, असे मला वाटते.

युरोपात आणि अमेरिकेत चरबी किंवा मेण चोळलेले चामडे हाच बराच काळ एकमेव उपाय होता. रबर आले ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातून. तिथले मूळ रहिवासी झाडाचा चीक साच्यावर थरावर थर चढवून धुरावर सुकवत आणि त्याचे बूट करत. १८२०च्या दशकात असे जोड ब्राझीलमधून अमेरिकेत विक्रीला जाऊ लागले, परंतु कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक होऊन तडके. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक मिसळून तापवलेले रबर दोन्ही ऋतूंत टिकते हे उमगले, १८४४ मध्ये अमेरिकेत त्यांना त्याचे पेटंट मिळाले, आणि त्यापाठोपाठ रबरी बुटांचे कारखाने उभे राहिले. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या पायातला गमबूट हा त्याच परंपरेतला. त्यातून बाहेरचे पाणी थेंबभरही आत येत नाही. पण आतला घामही जात नाही, त्यामुळे दिवसभर चालल्यावर मोजा पिळून काढण्याइतका भिजलेला असतो.

हे दुखणे ओळखून १९११-१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेन राज्यातील लिऑन लिऑनवुड बीन यांनी खाली रबर आणि वर चामडे असा शिकाऱ्यांसाठीचा बूट तयार केला. पहिल्या १०० जोडांपैकी ९० जोड शिवण उसवल्यामुळे परत आले, तेव्हा त्यांनी सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढले आणि रचना सुधारली. पाणी जिथून येते त्या खालच्या भागापुरतेच पाणीबंद साहित्य आणि उरलेल्या भागात हवा खेळती, ही कल्पना अत्यंत समंजस होती.

तळाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. त्या काळचे गिर्यारोहक पायथ्यापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट वापरत आणि खडकावर चढताना पातळ तळाचे दुसरे बूट घालत. १९३५ मध्ये इटलीतल्या पुंता राझिका शिखरावर हवामान अचानक बिघडले आणि विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या गटातले सहा जण मरण पावले. खडक, बर्फ आणि ओली वाट या तिन्हींवर चालेल असा एकच तळ हवा, या ध्यासाने ब्रामानी यांनी पिरेली या टायर कंपनीच्या साहाय्याने खोल खाचांचा रबरी तळ विकसित केला. १९३७ मध्ये आलेला हाच ‘व्हिब्रॅम’ तळ १९५४ मध्ये के-२ शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या पायांत होता. बूट निवडताना बहुतेकांचे लक्ष वरच्या कापडाकडे जाते, पण ओल्या फरशीवर किंवा शेवाळलेल्या कातळावर पाय घसरला तर हाड मोडते. मोजा भिजला तर केवळ त्रास होतो. म्हणून मी तळाला नेहमीच जास्त महत्त्व देईन.

घामाच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले ते एका प्लास्टिकातून. १९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघाताने लागलेला पीटीएफई हा पदार्थ आपण टेफ्लॉन म्हणून ओळखतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी त्याची तापवलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम झटक्याने ओढली, तेव्हा ती न तुटता कितीतरी पट लांबली आणि तिच्या आत सूक्ष्म छिद्रांची जाळी तयार झाली. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाला फार लहान, पण वाफेच्या रेणूला भरपूर मोठी असतात. याच ताणलेल्या पदार्थाचे ‘गोर-टेक्स’ नावाचे पातळ पटल १९७६ पासून पावसाळी कपड्यांसाठी आणि तंबूंसाठी विकले जाऊ लागले, आणि १९७९ मध्ये डॅनर या अमेरिकन कंपनीने ते बुटात बसवले. बुटाच्या अस्तराआड या पटलाचा एक संपूर्ण मोजा शिवतात आणि त्याच्या शिवणींवर पट्टी चिकटवून त्या बंद करतात. याच सुमारास धावण्याच्या बुटांतला हलका ईव्हीए फोम चालण्याच्या बुटांत आला, आणि नव्या जोडाने पायाला आठवडाभर फोड आणायचे हा जुना नेम बराचसा मोडला.

या पटलाची मर्यादा मात्र फारशी सांगितली जात नाही. वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. आत उष्ण व दमट आणि बाहेर थंड व कोरडे असा फरक असेल तरच ती बाहेर ढकलली जाते. स्कॉटलंडच्या शरद ऋतूत किंवा हिमाचलात वितळत्या बर्फावर हा फरक भरपूर असतो. जुलैमधल्या कोकणात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे तोच बूट आतून ओला होतो. शिवाय बुटावरच्या कापडाचे पाणी झटकणारे लेपन झिजले की ते कापड भिजून जड होते आणि वाफेची उरलीसुरली वाट बंद करते.

उष्ण प्रदेशांत म्हणून उलटा विचार आधीपासून होता: पाणी येणारच, तर ते लवकर निघून जाऊ द्या. अमेरिकी लष्कराच्या जंगल बुटांना याच हेतूने पायाच्या आतल्या बाजूला जाळीदार छिद्रे ठेवलेली होती आणि व्हिएतनाम युद्धात ते सर्रास वापरले गेले. १९८४ मध्ये ग्रँड कॅनियनमधल्या एका नदी-वाटाड्याने घडवलेली पट्ट्यांची ‘टेवा’ सँडल याच विचारातून आली. आपल्याकडे तर पावसाळा लागला की कोल्हापुरी चपला गुंडाळून ठेवायच्या आणि रबरी किंवा प्लास्टिकच्या सँडल काढायच्या, ही घरोघरची रीत आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनीही महागड्या पाणीबंद बुटांऐवजी ‘ॲक्शन ट्रेकिंग’सारखे साधे, स्वस्त, पण ओल्या कातळावर पकड देणारे बूट वर्षानुवर्षे वापरले, आणि त्यामागे केवळ पैशांचा हिशेब नव्हता. घोट्यापर्यंतच्या बुटाने गुडघाभर ओढा ओलांडला की पाणी वरून आत शिरते, आणि जे पटल बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही ते आतलेही बाहेर जाऊ देत नाही. मग बूट बादलीसारखा भरलेला राहतो, दुसऱ्या दिवशीही वाळत नाही, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. जाळीच्या कापडाचा बूट ओढ्यापलीकडे शंभर पावलांत निथळतो. त्यामुळे पावसाळी सह्याद्रीसाठी पाणीबंद बूट घेऊ नये आणि थंड देशांच्या प्रवासासाठी तो जरूर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे या इतिहासाला नवे वळण लागले आहे. पटलात आणि लेपनात वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त ‘पीएफएएस’ रसायने निसर्गात विघटित होत नाहीत आणि पाण्यात व शरीरात साठून राहतात, म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कपड्यांतल्या आणि फ्रान्सने २०२६ पासून कपड्यांसह पादत्राणांतल्या त्यांच्या वापरावर बंधने आणली. गोर कंपनीने २०२२ मध्ये पॉलिएथिलीनवर आधारित नवे पटल बाजारात आणले. फ्लोरिनविरहित लेपन पाणी चांगले झटकते, पण तेल आणि मळ झटकण्यात ते जुन्या लेपनापेक्षा कमी पडते. त्यामुळे असे बूट घेणाऱ्याने प्रवासाहून आल्यावर चिखल वाळू न देता कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने ते धुवावेत, आतला तळवा काढून सावलीत वाळवावेत, आणि पाण्याचे थेंब कापडावरून ओघळेनासे झाले की लेपनाचा फवारा पुन्हा मारावा.