धूमकेतू-निरीक्षण, कोकण किनाऱ्यावरील

हौशी आकाशनिरीक्षकांनी कोकणच्या किनाऱ्यावरून किंवा सड्यांवरून (म्हणजे खडकाळ, उघड्या पठारांवरून) दुर्बीण, बायनॉक्युलर आणि कॅमेरा यांच्या साहाय्याने धूमकेतू पाहणे, त्याची छायाचित्रे घेणे आणि त्याची तेजस्विता, आकार, शेपटीची लांबी व दिशा यांची नोंद ठेवणे. धूमकेतूला जुन्या मराठीत शेंडेनक्षत्र म्हणत. शब्द नेमका आहे, कारण साध्या डोळ्यांना पहिल्यांदा जाणवते ती धूसर ताऱ्याला फुटलेली शेंडीच.

धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडक यांचा काही किलोमीटरांचा गोळा. सूर्याजवळ येताना बर्फाची थेट वाफ होते, तिच्याबरोबर धूळ सुटते आणि गाभ्याभोवती कोमा हे विरळ आवरण तयार होते. शेपट्या बहुधा दोन असतात. धुळीची शेपटी पिवळसर, रुंद आणि वाकलेली असते. विद्युतभारित वायूची शेपटी निळसर आणि सरळ असून ती सौरवाऱ्यामुळे सूर्याच्या विरुद्ध दिशेला ताणली जाते. छायाचित्रांत कोमा हिरवट दिसतो तो द्विआण्विक कार्बनामुळे.

धूमकेतू सर्वांत तेजस्वी होतो तो सूर्याच्या आसपास असताना. म्हणजे तो पाहायचा तर सूर्यास्तानंतर पश्चिमेला नाहीतर सूर्योदयाआधी पूर्वेला, आणि दोन्ही वेळा क्षितिजालगत. कोकणाच्या पश्चिमेला समुद्र आहे आणि पूर्वेला सह्याद्री, त्यामुळे इथले निरीक्षण मुख्यतः संध्याकाळचे. गुहागर, वेळणेश्वर, देवगड, मालवण, वेंगुर्ले इथल्या पुळणीवर उभे राहिले की धूमकेतू पाण्याला टेकेपर्यंत नजरेआड होत नाही. पहाटेचा धूमकेतू मात्र आधी नारळी-पोफळीच्या बागांमागे आणि मग डोंगरामागे अडतो, आणि तो वर येईतो उजाडायला लागलेले असते. अशा वेळी सडा गाठावा लागतो. रत्नागिरी, राजापूर आणि देवगड तालुक्यांतले जांभ्या दगडाचे उघडे सडे हौशी निरीक्षकांना फार सोयीचे आहेत. झाड नाही, घर नाही, चहूबाजूंचे क्षितिज मोकळे. कातळ दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून रात्रीच्या पहिल्या प्रहरात दुर्बिणीतली प्रतिमा थरथरते. पहाटे ती बरीच स्थिरावते.

ऑक्टोबर २०२४ मधला त्सुचिनशान-अ‍ॅटलास (सी/२०२३ ए३) या किनाऱ्यासाठी धडाच ठरावा असा धूमकेतू होता. २७ सप्टेंबरला तो सूर्याला सर्वांत जवळ होता, त्या दिवसांत पहाटे पूर्वेला दिसे. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवरून गेला आणि तिथून पुढे संध्याकाळच्या आकाशात आला. सूर्य बुडाल्यावर शुक्र आणि स्वाती यांच्या दरम्यान पाहायचे, एवढी खूण पुरे होती. त्याच सुमारास पृथ्वी त्याच्या कक्षेच्या प्रतलातून गेली, आणि अनेक छायाचित्रांत मुख्य शेपटीच्या उलट्या बाजूला, खाली सूर्याच्या दिशेने गेलेली एक बारीक रेघ उमटली. ही प्रतिशेपटी. धूमकेतू रोज थोडा उंच चढत होता, पण चंद्रही वाढत होता. १६ ऑक्टोबरला कोजागरी आली आणि चांदण्यात शेपटी जवळजवळ पुसली गेली. उपयोगाच्या संध्याकाळी मोजून चार-पाच, आणि त्यातलीही प्रत्येक तासाभराची.

मोकळ्या क्षितिजाची किंमत हवेत मोजावी लागते. क्षितिजापासून ५ अंशांवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्या वस्तूच्या मानाने सुमारे १० पट जाडीच्या हवेतून येतो. समुद्रावर बाष्प आणि मिठाचे कण असल्याने स्वच्छ वाटणाऱ्या संध्याकाळीही धूमकेतू दोन-तीन प्रतींनी फिका होतो. (प्रत हे तेजस्वितेचे माप आहे, अंक जितका मोठा तितकी वस्तू फिकी.) मासेमारी बोटींचे पांढरे दिवे नेमके त्याच पट्ट्यात असतात. दिवसाचा खारा वारा पडून रात्री जमिनीकडून मतलई वारा सुरू झाला की हवा थोडी कोरडी होते, पण तोवर संध्याकाळचा धूमकेतू बहुधा मावळलेला असतो.

खरा त्रास दवाचा आणि मिठाचा. भिंगावर दव बसले की आधी तारे फुगल्यासारखे दिसतात आणि मग सगळेच विरते. त्यासाठी नळीच्या तोंडाला काळ्या कागदाची किंवा फोमची लांब टोपी लावतात, बॅटरीवर चालणारी गरम पट्टी गुंडाळतात. ओले भिंग फडक्याने पुसायचे नाही. मिठाचा कण काचेवर फिरला की थराला कायमचा ओरखडा. आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थरही खाऱ्या हवेत लवकर खराब होतो, म्हणून किनाऱ्यावर राहणारे निरीक्षक दुर्बीण हवाबंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात. ओल्या वाळूत तिपाईचे पाय हळूहळू रुततात. प्रत्येक पायाखाली प्लायवूडचा चौकोनी तुकडा ठेवला की भागते.

डोळ्यांनी पाहताना मोठे वर्धन कामाचे नाही. धूमकेतूचा प्रकाश पसरलेला असतो, म्हणून ७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर (पहिला अंक वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा) आणि रुंद दृष्टिक्षेत्राची छोटी दुर्बीण बहुतेक वेळा मोठ्या दुर्बिणीपेक्षा जास्त दाखवतात. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून विजेरीला लाल कागद लावलेला असतो. तेजस्विता ठरवायची रीत अशी : धूमकेतूचा कोमा नीट पाहून मनात धरायचा, मग जवळच्या माहीत असलेल्या प्रतीच्या ताऱ्यावर दुर्बीण रोखून, नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) पुढेमागे सरकवून तो कोम्याएवढा फुगवायचा आणि दोघांचा उजेड ताडून पाहायचा. कोमा मध्याकडे किती दाटलेला आहे ते ० ते ९ या अंकांत लिहितात. सोबत वेळ, दुर्बिणीचा व्यास आणि आकाशाची स्थिती. अशा नोंदी स्लोव्हेनियातून चालणाऱ्या ‘कॉब्स’ या जागतिक संग्रहात पाठवता येतात. लोक छायाचित्राला मान देतात आणि वहीतली ही ओळ विसरतात, ते बरोबर नाही. पूर्वीच्या धूमकेतूंशी तुलना करता येते ती अशाच सलग नोंदींच्या जोरावर.

छायाचित्रणाला साधा कॅमेरा आणि तिपाई पुरते. ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने भागले की तारे न ओढले जाता किती सेकंद छायाप्रकाशन चालेल याचा अंदाज येतो : ५० मिलिमीटरच्या भिंगाला १० सेकंद. पुढे जायचे तर आकाशाबरोबर फिरणारे माउंट (कॅमेऱ्याची यांत्रिक बैठक) लागते आणि त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा रत्नागिरीहून १७ अंशांवर, मालवणहून १६ अंशांवर, म्हणजे इतका खाली की धुक्यात किंवा टेकाडामागे तो सापडतच नाही. त्यात धूमकेतू ताऱ्यांमधून स्वतःही सरकत असतो. फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला झेडटीएफ (सी/२०२२ ई३) तासाला चंद्राच्या अर्ध्या बिंबाएवढा सरकत होता. म्हणून अनेक लहान छायाचित्रे घेऊन ती एकदा ताऱ्यांवर आणि एकदा धूमकेतूच्या गाभ्यावर जुळवून एकत्र करतात.

महाराष्ट्रात हौशी खगोलनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. मुंबईच्या खगोल मंडळाच्या वांगणी इथल्या रात्रभराच्या आकाशदर्शनाने अनेकांना पहिली दुर्बीण दाखवली. हौशी माणसाचे नाव धूमकेतूला लागणे आजही अशक्य नाही. जपानच्या युजी ह्याकुताके यांनी १९९६ चा धूमकेतू २५×१५० च्या बायनॉक्युलरने शोधला. सूर्यमालेबाहेरून आलेला बोरिसोव्ह २०१९ मध्ये गेनादी बोरिसोव्ह यांना स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून सापडला.

निरीक्षणाचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते मे. २०२५ चा लेमन (सी/२०२५ ए६) २१ ऑक्टोबरला, नेमका लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला, पृथ्वीला सर्वांत जवळ आला. जुलै २०२० मधला निओवाइज मात्र पावसाळ्यात आला. हॅलेचा धूमकेतू एप्रिल १९८६ मध्ये दक्षिणेकडे होता आणि कोकणाच्या अक्षांशावरून युरोपापेक्षा बराच उंच दिसला. तो पुन्हा सूर्याजवळ येईल २८ जुलै २०६१ रोजी, ऐन पावसात.