प्रश्नावली कुणाची?

नाशिकहून सावळघाट ओलांडला की पेठ तालुक्यातली भात-नागलीची शेतं सुरू होतात. पावसाळा सरला की इथली कितीतरी कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. याच तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ दरम्यान ‘आत्मीयता’ हा मानसिक आरोग्याचा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने गावातलेच स्वयंसेवक तयार केले. काहींनी फक्त उदास, घाबरलेला माणूस हेरायचा. जास्त प्रशिक्षण मिळालेल्यांनी चार-सहा बैठकांत त्याला बोलतं करायचं, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, सरकारी योजना मिळवून द्यायला मदत करायची आणि आजार गंभीर दिसला तर डॉक्टरांकडे पाठवायचं. योजनेचं काम मानसोपचारात कशाला, असं शहरात बसून वाटू शकतं. पण ज्या घराचं रेशन अडलंय, तिथे काळजीचं मूळ अनेकदा तेच असतं.

अशा आधाराची गरज किती? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात ६४५ गावांत ‘आत्मीयता’ची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. नेहमीच्या सेवेपेक्षा स्वयंसेवकांच्या मदतीने लोक जास्त सावरले, असं तिच्यात दिसलं.

मात्र सेवा गावाने चालवणं वेगळं आणि संशोधनात काय मोजायचं हे आजारातून गेलेल्यांनी ठरवणं वेगळं. आपल्याकडे गाडी बहुतेकदा पहिल्यावरच थांबते.

या दुसऱ्या गोष्टीने काय फरक पडतो, याचं ठसठशीत उदाहरण ब्रिटनमधलं आहे. विद्युत उपचार, म्हणजे बोलीभाषेत ‘शॉक’, घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक समाधानी असतात, असं तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेचं माहितीपत्रक सांगत होतं. डायना रोज या संशोधिकेने स्वतः हा उपचार घेतलेला. २००३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत समाधान जास्त दिसत होतं, रुग्णांनी स्वतः केलेल्यांत बरंच कमी. उपचार संपल्या संपल्या, रुग्णालयातच, डॉक्टरांनीच मोजके प्रश्न विचारले की माणसं ‘बरं वाटतं’ म्हणत. किमान एक तृतीयांश लोकांनी स्मृती कायमची गेल्याची तक्रार केली होती. उपचार तोच, आजारही तोच. विचारणारा, जागा आणि वेळ तेवढी बदलली. याचा अर्थ विद्युत उपचार वाईट असा नाही. तीव्र नैराश्यात त्याचा उपयोग होतोच. समाधानाचा आकडा तेवढा कच्चा होता.

मानसिक आजारानंतरच्या पुनर्वसनात तर हे फारच खरं आहे. स्किझोफ्रेनियाची तीव्रता मोजायला जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी ३० लक्षणांची आहे. भास, संशय, भावनांचा कोरडेपणा, सगळं तिच्यात येतं. हातात पगार आला का, लग्नकार्याला बोलावलं का, औषधाने वजन किती वाढलं, हे येत नाही. शुभार्थी (आजार असलेली व्यक्ती) आणि शुभंकर (त्याची काळजी घेणारे) यांच्या गटात दहा मिनिटं बसा. बोलणं नेमकं याच गोष्टींचं चालतं.

उद्या नाशिकमध्ये कुणी असा अभ्यास काढला, तर प्रश्नावली छापण्याआधी शुभार्थींना बोलवावं. आणि समितीत शोभेची एक खुर्ची देऊन भागणार नाही. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उतरत नाही, म्हणून बैठक नऊला नको, अकराला हवी. पेठहून येणाऱ्याचा अर्धा दिवस एसटीत जातो आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. भाडं आणि मानधन दोन्ही पहिल्याच अंदाजपत्रकात धरावं, संशोधन-सहायकाच्या पगाराच्या ओळीशेजारी.