हिऱ्यातला बंध आणि बाजारातला रोखा

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्यालय आहे आणि हिऱ्यांच्या व्यापाराचे भारत डायमंड बोर्सही तिथेच आहे. 'बाँड' आणि 'इंडेक्स' हे इंग्रजी शब्द शेअर बाजारालाही लागू पडतात आणि हिऱ्यालाही. पण अर्थ इतके निराळे, की मराठीत त्यांना चार वेगळे शब्द आहेत: रोखा आणि बंध, निर्देशांक आणि अपवर्तनांक. ही वाटणी जपून ठेवावी असे मला मनापासून वाटते, कारण शब्द एकच राहिला की एका क्षेत्रातली कल्पना नकळत दुसऱ्यात शिरते.

रोखा म्हणजे लेखी वचन. सरकार किंवा कंपनी आपल्याकडून कर्ज घेते, ठरलेले व्याज देते आणि मुदत संपली की मुद्दल परत करते. समजा, १,००० रुपये दर्शनी मूल्याच्या आणि ७ टक्के व्याजाच्या रोख्याची एक वर्षाची मुदत उरली आहे आणि बाजारातला व्याजदर ८ टक्के झाला आहे. वर्षाअखेर हाती येणारे १,०७० रुपये नव्या दराने मोजले, तर आज त्या रोख्याला सुमारे ९९१ रुपयेच मिळतील. व्याजदर वाढला की रोख्याची किंमत उतरते, ती अशी.

हिऱ्यातल्या बंधात वचन नसते आणि मुदतही नसते. तिथे प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधाने जोडलेला असतो, कारण इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतल्याने त्या अणूंची एकत्रित ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा कमी होते. इथेच एक गैरसमज हटकून होतो. रोख्यात जसे मुद्दल, तशी बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तोडला की ती हाती येते, असे अनेकांना वाटते. खरे तर बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते. ती बाहेर पडते बंध जुळताना. ऑक्सिजनमध्ये पुरेसा तापवलेला हिरा जळतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्या वेळी मिळणारी उष्णता कार्बनचे जुने बंध तुटल्यामुळे येत नाही. ते बंध आणि ऑक्सिजनच्या रेणूंतले बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून जास्त ऊर्जा कार्बन आणि ऑक्सिजन यांचे नवे बंध जुळताना सुटते, आणि हा फरक उष्णता म्हणून जाणवतो.

निर्देशांकाचेही तसेच. निफ्टी पन्नास कंपन्यांच्या बाजारमूल्यावरून काढतात आणि ३ नोव्हेंबर १९९५ या दिवसाची पातळी १,००० धरलेली आहे. हा आकडा माणसांनी ठरवलेला आहे. तो १०० धरला असता, तरी बाजाराची चाल तीच दिसली असती. म्हणून निफ्टी २५,००० झाला या वाक्याचा अर्थ आधारदिवसाच्या पंचवीस पट, एवढाच. त्यातल्या कंपन्यांचा वर्षातून दोनदा आढावा घेतला जातो आणि काही बदलल्याही जातात.

अपवर्तनांकात अशी निवड करता येत नाही. निर्वातातला प्रकाशाचा वेग भागिले पदार्थातला वेग, हे गुणोत्तर पाण्यासाठी १.३३, साध्या काचेसाठी सुमारे १.५ आणि हिऱ्यासाठी २.४२ येते. रंगागणिक तो किंचित बदलतो, हिऱ्यात तांबड्यासाठी २.४१ तर जांभळ्यासाठी २.४५ च्या आसपास, आणि म्हणून पैलूंतून रंग फाकतात. एवढ्या मोठ्या अपवर्तनांकामुळे क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरका आतून आदळलेला प्रकाश बाहेर न पडता पूर्णपणे आतच परततो तो कोन, जेमतेम २४ अंशांचा होतो, म्हणजे आत शिरलेला बराचसा प्रकाश मागच्या पैलूंवरून पूर्ण आंतरिक परावर्तनाने वरच्या बाजूला परततो. कागदावर पेनाने रेघ ओढून सुटा, नीट पैलू पाडलेला हिरा तिच्यावर उपडा ठेवला, तर त्यातून ती रेघ दिसत नाही. तशाच घाटाचा काचेचा खडा ठेवला, की ती खालून दिसू लागते.